विदर्भाच्या उन्हात पातळ इंजिन ऑइल चालेल का? ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०?

अमरावतीकर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१९ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक गाडी आहे आणि तिचे रनिंग ८२,००० किलोमीटर झाले आहे. वॉरंटी असेपर्यंत सर्व्हिसिंग कंपनीच्या केंद्रात होत असे आणि तिथे प्रत्येक वेळी ०डब्ल्यू-२० ग्रेडचे सिंथेटिक ऑइल टाकले जाई. गाडीच्या पुस्तिकेत पहिली पसंती त्याच ग्रेडला आहे. खालच्या ओळीत ५डब्ल्यू-३० चालेल असेही छापले आहे. वॉरंटी संपल्यापासून मी आमच्या भागातल्या मिस्त्रींकडे जातो. त्यांनी माझ्या वडिलांची जीप वीस वर्षे सांभाळली आणि त्यांच्या हाताबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी डिपस्टिक बाहेर काढली, टोकावरचे ऑइल अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळले, बोटे हळूच दूर करून ते तार धरते का हे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, हे पान्यासारखं ऑइल आपल्या उन्हात नाही टिकत. या खेपेला वीस-पन्नास टाकून घ्या, इंजिन शांत होऊन जाईन."

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि गाडी दिवसभर कार्यालयासमोर उघड्यावर उभी असते. महिन्यातून दोनदा नागपूरला जाणे होते, म्हणजे एका बाजूने सुमारे दीडशे किलोमीटर, आणि वर्षातून एक-दोनदा पाच माणसे व सामान घेऊन परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याचा घाट चढतो. अलीकडे दोन गोष्टी जाणवू लागल्या आहेत. सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन सेकंद खडखड आवाज येतो आणि मग थांबतो. आणि पाच हजार किलोमीटरमध्ये ऑइलची पातळी वरच्या खुणेपासून जवळजवळ मध्यापर्यंत उतरली.

मिस्त्रींचे ऐकावे, पुस्तिकेतली पहिली ओळ पाळावी की दुसरी, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी ग्रेड बदलावा का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

वंगण, पुणे

नमस्कार. वंगणांच्या चाचणी प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण प्रश्न नेमकेपणाने मांडल्यामुळे उत्तरही तसेच देता येईल.

मिस्त्रींना बोटांवर जे जाणवले ते खोटे नव्हते, पण त्यांनी ते चुकीच्या तापमानाला पाहिले. बोटांचे तापमान असते पस्तीस अंशांच्या आसपास आणि इंजिनात ऑइल काम करते शंभरच्या आसपास. शिवाय त्यांनी चोळलेले ऑइल पाच हजार किलोमीटर वापरलेले होते. शहरातल्या छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये थोडे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि ते मुळापेक्षा पातळ होते, त्यामुळे वापरलेल्या ऑइलवरून नव्याचा अंदाज घेता येत नाही.

आता डब्यावरचे आकडे. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्स, म्हणजे एसएई, ही संस्था १९०५ साली स्थापन झाली आणि १९११ साली तिने ऑइलच्या दाटपणानुसार वर्गवारी केली. आजची वर्गवारी त्याच वंशातली आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पुष्कळ जण ते अक्षर वेट, म्हणजे वजन असे समजतात, पण ग्रेडचा वजनाशी काही संबंध नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती सहज हलते ते सांगतो. ०डब्ल्यूची स्टार्टर फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंश तापमानाच्या दाटपणाचा असतो. हा दाटपणा, ज्याला शास्त्रीय मराठीत श्यानता म्हणतात, सेंटिस्टोक या एककात मोजतात आणि २० अंशांना पाण्याची श्यानता जवळजवळ बरोबर एक सेंटिस्टोक असते. १०० अंशांना २० ग्रेडचे ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० ग्रेडचे ९.३ ते १२.५, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ या पट्ट्यात असावे लागते.

हे वाचून कोणीही म्हणेल की अमरावतीत उणे १५ अंश कधी होणारच नाहीत, मग पहिल्या आकड्याशी आपल्याला काय करायचे आहे? मला सगळ्यांत जास्त जे सांगायचे आहे ते इथेच आहे. आपल्याला ४० अंश म्हणजे भाजून काढणारे ऊन वाटते, पण इंजिनाच्या हिशेबी ४० अंश म्हणजे थंडीच असते. ०डब्ल्यू-२० या ग्रेडचे एखादे नेहमीचे ऑइल ४० अंशांना साधारण ४५ सेंटिस्टोक भरते, म्हणजे मिस्त्री ज्याला पाण्यासारखे म्हणाले ते पाण्याच्या चाळीसपट दाट होते. तेच ऑइल इंजिन तापल्यावर आठच्या आसपास येते आणि इंजिनाच्या रचनाकाराने सगळी आखणी या आठच्या आकड्यावर केलेली असते. याचा अर्थ असा की, मे महिन्यातल्या सकाळीसुद्धा आपण किल्ली फिरवता तेव्हा ऑइल हवे त्याच्या पाचपट दाट असते. त्याच वेळी इंजिनात २०डब्ल्यू-५० असेल तर ४० अंशांना त्याची श्यानता दीडशेच्या पुढे, बहुधा १६० ते १७० असते. म्हणजे आपल्या इंजिनाला हव्या असलेल्या दाटपणाच्या वीसपट. डिसेंबरच्या पहाटे, पारा दहाच्या आसपास असताना, ही तफावत आणखी कितीतरी वाढते.

दाट ऑइलने प्रेशर वाढते आणि म्हणून संरक्षण वाढते, असा एक समज आहे. प्रेशर वाढते हे खरे आहे. पण ऑइल पंपाला एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो आणि प्रेशर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो उघडून जास्तीचे ऑइल परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याकडे, वळवतो. ऑइल फिल्टरमध्येही बायपास व्हॉल्व्ह असतो आणि दाट, थंड ऑइल कागदातून लवकर जाईना की तो उघडतो. तेवढा वेळ ऑइल न गाळताच पुढे जाते. म्हणजे प्रेशर भरपूर दिसत असताना बेअरिंगपर्यंत ऑइल कमी आणि उशिरा पोचत असू शकते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट दोन ते पाच शतांश मिलिमीटरची, केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते आणि त्या फटीतून सतत वाहणारे ऑइल जसे धातूला धातूपासून दूर ठेवते तसेच तिथली उष्णता उचलूनही नेते. ऑइल कमी वाहिले तर दोन्ही कामे अडतात.

आता उन्हाचे. कूलंटवर थर्मोस्टॅटचा ताबा असतो. तो ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो, पुढे पंखा चालू-बंद होत राहतो आणि बाहेर ४५ अंश असोत की १०, कूलंट ९० च्या आसपासच राहते. म्हणूनच हवेच्या तापमानात ३५ अंशांचा फरक पडला तरी तापलेल्या इंजिनातल्या ऑइलच्या तापमानात तेवढा फरक पडत नाही. अर्थात फरक अजिबात पडत नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. बहुतेक छोट्या गाड्यांत ऑइलला स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो. नेहमीच्या चालवण्यात ते ९० ते ११० अंशांत असते, पण पाच माणसे, सामान, एसी आणि दुसऱ्या गिअरमधला चिखलदऱ्याचा घाट एकत्र आले तर ते १२० च्याही पुढे जाऊ शकते. अशा वेळी ऑइलची फिल्म किती भार पेलते याची वेगळी चाचणी १५० अंशांना, वेगाने घासत असताना घेतात. तिच्यात २० ग्रेडला किमान २.६, ३० ग्रेडला किमान २.९ आणि ५० ग्रेडला किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद (श्यानतेचेच दुसरे एकक) इतकी श्यानता टिकवावी लागते.

पातळ ऑइल कंपन्या केवळ मायलेजसाठी सुचवतात, हा आक्षेप वारंवार घेतला जातो आणि त्यात अंशतः तथ्य आहे. भारतात मोटारींच्या इंधन वापराचे नियम २०१७-१८ पासून लागू झाले, २०२२-२३ पासून ते आणखी कडक झाले आणि घर्षण कमी करण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे पातळ ऑइल. पण त्यासाठी बेअरिंग, पंप आणि ऑइलच्या वाटा तशाच आखाव्या लागतात. एकाच इंजिनासाठी निरनिराळ्या देशांतल्या पुस्तिकांमध्ये निरनिराळे ग्रेड छापलेले असतात, हेही खरे आहे. म्हणून मी असे मानतो की पुस्तिकेने आखलेल्या कुंपणाच्या आत आपल्या वापराप्रमाणे निवड करावी आणि कुंपण ओलांडू नये.

आपले इंजिन ८२,००० किलोमीटर चालले आहे, ते थोडे ऑइल खाते आहे आणि उन्हाळ्यात घाटही चढते. या स्थितीत मी पुस्तिकेतल्या दुसऱ्या ओळीवर, ५डब्ल्यू-३० वर जाईन आणि बाराही महिने तेच ठेवेन. ०डब्ल्यू-२० तसेच चालू ठेवले तरी ती चूक ठरणार नाही. २०डब्ल्यू-५० मात्र या इंजिनात घालू नये.

चंद्रपूरहून

वरील उत्तराबद्दल पूर्ण आदर राखून माझा अनुभव नोंदवतो. चंद्रपूरचा उन्हाळा अमरावतीपेक्षा सौम्य नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. माझी २००४ सालची छोटी पेट्रोल गाडी पहिल्यापासून २०डब्ल्यू-५० वर चालते आहे, १,६०,००० किलोमीटर झाले आणि इंजिन अजून एकदाही उघडावे लागलेले नाही. सर्व आकडेमोड मान्य केली तरी इतक्या वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव बाजूला कसा ठेवायचा?

वंगण, पुणे

आपला अनुभव बाजूला ठेवू नये, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधातही जात नाही. २००४ सालच्या त्या गाडीची पुस्तिका घरात असेल तर अवश्य उघडून पाहा. त्या काळच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये हवेच्या तापमानाची एक पट्टी छापलेली असे आणि उष्ण प्रदेशासाठी १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असे ग्रेड त्यात असत. आपण कुंपणाच्या आतच आहात. अमरावतीकरांच्या पुस्तिकेत तो ग्रेड नाही, एवढाच फरक आहे, पण निर्णय त्याच फरकावर ठरतो.

सोलापूर गॅरेज

नमस्कार. आमचे गॅरेज वडिलांच्या काळापासून आहे, त्यामुळे मिस्त्रींच्या बाजूने दोन शब्द आधी बोलतो. वडील सांगत की पूर्वी गाड्यांना उन्हाळ्यात चाळीस नंबर आणि हिवाळ्यात तीस नंबर ऑइल टाकत. तेव्हा एकाच ऑइलला दोन आकडे असण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नव्हती. जुन्या जीपच्या इंजिनात फटी मोठ्या होत्या, धुळीत चालून त्या आणखी वाढत आणि दाट ऑइलनेच प्रेशर टिके. अमरावतीच्या मिस्त्रींनी वीस वर्षे जीप सांभाळली ती याच ज्ञानावर, आणि त्या इंजिनासाठी ते अगदी बरोबर होते. बदलले आहे ते इंजिन.

दीड वर्षापूर्वी एका गृहस्थांनी जुन्या बाजारातून घेतलेली गाडी आमच्याकडे आणली. चेक इंजिनचा दिवा लागत होता, पिकअप दबला होता आणि स्कॅनरवर कॅमशाफ्टच्या टायमिंगचा कोड येत होता. आजकालच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करण्याची यंत्रणा असते आणि ती ऑइलच्याच प्रेशरवर चालते. ते ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह मी बाहेर काढला. करंगळीएवढा तो भाग, त्याच्या अंगावर बारीक जाळी, आणि त्या जाळीवर काळपट मळीचा थर बसलेला. चेंबरमधून काढलेले ऑइल पाकासारखे जाड होते. आधीच्या मालकाने गाडीत २०डब्ल्यू-५० टाकून घेतल्याची पावती डॅशबोर्डच्या कप्प्यातच मिळाली. मळी बसायला ऑइल वेळेवर न बदलणे हेही कारण असणारच, सगळा दोष ग्रेडवर टाकणे योग्य नाही. पण जाळी साफ केली, पुस्तिकेप्रमाणे ५डब्ल्यू-३० भरले, हजार किलोमीटरवर ते पुन्हा बदलले आणि त्यानंतर दिवा लागलेला नाही.

आता अमरावतीकरांच्या दोन तक्रारी. माझ्या मते त्या दोन्ही ग्रेडच्या नाहीत, आणि दाट ऑइल टाकले तर त्या झाकल्या जातील, सुटणार नाहीत.

सकाळची दोन सेकंदांची खडखड म्हणजे रात्रभरात ऑइल खाली उतरून जाते आणि वर पोचायला वेळ लागतो, असे बहुतेक वेळा असते. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. प्रेशर येईपर्यंत चेन सैल राहून वाजते. ऑइल फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते, जी गाडी बंद झाल्यावर ऑइल मागे वाहू देत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती कडक होते किंवा नीट बसत नाही. मागच्या सर्व्हिसिंगला कोणता फिल्टर बसवला ते मिस्त्रींना विचारा, आणि ग्रेडचा विचार करण्याआधी मूळ कंपनीचा फिल्टर बसवून आवाज जातो का पाहा. वीस-पन्नासने ही खडखड वाढण्याचीच शक्यता अधिक, कारण वर चढायला ते आणखी वेळ घेईल.

पातळी उतरण्याबद्दल सांगायचे तर छोट्या गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते. आपली पातळी मध्यापर्यंत आली म्हणजे पाच हजार किलोमीटरला अर्धा लिटर, हजाराला शंभर मिली. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात, तेव्हा घाबरण्यासारखे काही नाही. मात्र लक्ष ठेवावे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना किंवा घाट उतरून झाल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना निळसर धुराचा झोत दिसला तर व्हॉल्व्हच्या सिलांकडे बोट जाते. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंग. धूर अजिबात नसेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा जाळायला पाठवणारी झडप, काढून कानाजवळ हलवा, तो खुळखुळला पाहिजे. मळीने अडकला असेल तर इंजिन ऑइलची वाफ ओढून जाळत राहते, आणि हा भाग फार महाग नसतो. चेंबरचा ड्रेन बोल्ट आणि टायमिंग कव्हरची कड ओली आहे का हेही बोट फिरवून पाहावे.

पातळी मोजताना गाडी दरवेळी एकाच सपाट जागी उभी करा, इंजिन तापलेले असताना बंद करून दहा मिनिटे थांबा आणि मगच डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालून पाहा. उतारावर उभ्या गाडीचे मोजमाप घेऊन "गाडी ऑइल खाते" म्हणणारे किती तरी लोक आमच्याकडे येतात.

आणखी एक. ग्रेड कितीही विचारपूर्वक निवडला तरी डब्यात भलतेच असेल तर सगळे व्यर्थ आहे. ऑइल ओळखीच्या दुकानातून पावती घेऊन घ्या, झाकणाची सील आपल्या समोर तोडायला सांगा आणि रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला स्क्रूड्रायव्हरने आरपार भोक पाडा. नकली ऑइल भरणाऱ्यांना अखंड डबाच हवा असतो. आम्ही गॅरेजमध्ये ग्राहकासमोर भोक पाडतो.

नाशिककर

चर्चा पेट्रोल गाडीची आहे, पण डिझेलवाले वाचक हे वाचून डब्यावर केवळ ५डब्ल्यू-३० पाहतील आणि उचलतील, अशी भीती वाटते, म्हणून लिहितो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. ऑइलमधली काही रसायने जळून जी राख होते ती या फिल्टरमध्ये साचते आणि काजळीसारखी जाळून टाकता येत नाही, म्हणून कमी राख देणारे ऑइल लागते. युरोपच्या एसीईए वर्गवारीत अशा ऑइलांना सी हे अक्षर असते. त्यातही सी-२ आणि सी-३ या दोन्ही वर्गांत ५डब्ल्यू-३० मिळते. पण वंगण यांनी सांगितलेल्या १५० अंशांच्या चाचणीत सी-२ ला किमान २.९ पुरते आणि सी-३ ला किमान ३.५ लागते. ग्रेड एकच असला तरी दोन्ही ऑइले एक नव्हेत. आपल्या पुस्तिकेत कोणता वर्ग लिहिला आहे ते अक्षर आणि आकड्यासह पाहावे.

माझ्या गाडीत ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली होती. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असल्यामुळे फिल्टर जाळून साफ करण्याची क्रिया अर्धवट राहत होती आणि त्यासाठी जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरत होते. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली, तर ते ऑइल कोणत्याही ग्रेडचे असो, किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता बदलून टाकावे.

अमरावतीकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहिणे मला बरोबर वाटले नाही.

एकाच जागी, पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर, चार वेळा पातळी मोजली. ११०० किलोमीटर झाले, त्यात नागपूरच्या दोन फेऱ्या होत्या, आणि डिपस्टिकवर जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडला. निळा धूर दिसला नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह मिस्त्रींनीच काढला. तो अडकलेलाच होता आणि हलवल्यावर काही आवाज आला नाही, म्हणून नवा बसवला.

त्यांच्याशी ग्रेडबद्दल बोलायला मला संकोच वाटत होता. शेवटी पुस्तिका बरोबर नेली आणि दोन्ही ओळी त्यांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून त्या वाचल्या, मग बॉनेट उघडून इंजिनाच्या ऑइल भरायच्या झाकणावरची धूळ फडक्याने पुसली. त्यावर ०डब्ल्यू-२० असे उठावाचे अक्षर होते, जे इतक्या वर्षांत ना माझ्या लक्षात आले होते ना त्यांच्या. "इंजिनानं सोताच्याच झाकनावर लिहून ठेवलं हाये, मंग आपन काहून वाद घालाचा," असे म्हणून त्यांनी पुस्तिकेतल्या दुसऱ्या ओळीप्रमाणे ५डब्ल्यू-३० आणायला सांगितले. मागच्या वेळी बसवलेला फिल्टर स्थानिक बनावटीचा निघाला. या वेळी मूळ कंपनीचा बसवला. गेल्या आठ दिवसांत सकाळची खडखड एकदाच ऐकू आली, तीही क्षणभर.

दोन शंका उरल्या आहेत. चेंबरमध्ये जुने ०डब्ल्यू-२० थोडे तरी राहिलेच असणार, ते नव्यात मिसळल्याने काही बिघडेल का? आणि साडेतीन लिटरच्या डब्यातले चारशे मिली ऑइल उरले आहे, ते पत्नीच्या स्कूटरमध्ये किंवा माझ्या मोटरसायकलमध्ये वापरता येईल का?

वंगण, पुणे

पीसीव्ही व्हॉल्व्ह सापडला हे फार चांगले झाले. आता ऑइलचा खपही कमी होईल अशी आशा आहे. पुढच्या दोन हजार किलोमीटरमध्ये ते कळेल.

पहिल्या शंकेचे उत्तर असे की काही बिघडणार नाही. मान्यताप्राप्त इंजिन ऑइले एकमेकांत मिसळली तरी फुटत नाहीत वा त्यांचा साका बसत नाही, ही त्यांच्या मान्यतेचीच एक अट असते. खाली राहिलेल्या थोड्याशा जुन्या ऑइलने नव्याचा दाटपणा किंचित उतरेल, इतकेच. प्रवासात पातळी फार खाली गेली आणि नेमका ग्रेड मिळाला नाही, तर जवळच्या ग्रेडचे अर्धा लिटर टाकून पुढे जाणे हे कमी ऑइलवर गाडी चालवण्यापेक्षा शतपटीने बरे. नव्या डब्यावर एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, एसपी वर्ग आहे ना, तेवढे पाहून ठेवा. तो मे २०२० पासून आला आणि त्यात टायमिंग चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी आहे, जी आपल्यासारख्या इंजिनाला उपयोगाची आहे.

मोटरसायकलमध्ये हे ऑइल कृपया घालू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी जी द्रव्ये असतात त्यांनी तो घसरू लागतो. तिथे जपानी जेएएसओ वर्गवारीतले एमए किंवा एमए-२ असे छापलेले ऑइल लागते. शिवाय एकच ऑइल गिअरही सांभाळते आणि गिअरचे दाते ऑइलचा दाटपणा टिकवणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या तोडतात, म्हणून मोटरसायकलचे ऑइल लवकर पातळ होते. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे तिथे घसरण्याचा प्रश्न नाही, पण तिच्या पुस्तिकेत बहुधा १०डब्ल्यू-३० आणि एमबी (जेएएसओचाच कोरड्या क्लचच्या गाड्यांसाठीचा वर्ग) असे लिहिलेले सापडेल, तेच घालावे.

उरलेले चारशे मिली आपल्या गाडीच्याच टॉप-अपसाठी आहे असे समजा. झाकण घट्ट लावा, डब्यावर उघडल्याची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर लिहा आणि तो डिकीत न ठेवता घरात, उन्हापासून दूर उभा ठेवा.

सोलापूर गॅरेज

त्या डब्यावर ग्रेडही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण टॉप-अप करणारा हात दरवेळी मिस्त्रींचाच असेल असे नाही. आणि नव्या ऑइलनंतर पहिल्या पाचशे किलोमीटरवर ड्रेन बोल्टखाली एकदा कोरडा कागद ठेवून पाहा. जुनाच वॉशर पुन्हा लावला असेल तर तिथून थेंब पडतो, आणि तो थेंबही पुढे ऑइल खाण्याच्या खात्यात जमा होतो.